घड दिसतो ऑक्टोबरमध्ये, पण ठरतो मे मध्येच

द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात हे आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हमखास विचारतो, मग द्राक्षं दोनदा येतात का? नाही, एकदाच येतात. माल काढून झाला की एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, म्हणजे जुनी काडी सगळी काढून टाकायची, वेल पार बोडकी दिसते. आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, त्यानंतर घड बाहेर येतात आणि पुढे चारेक महिन्यांनी माल. सगळ्यांचं लक्ष या दुसऱ्या छाटणीवर असतं, कारण घड तेव्हा दिसतात. पण तो घड तयार कधी झाला? तर खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात, नव्या काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, आत. नुसतं बघून काही कळत नाही, डोळा कापून मायक्रोस्कोपखाली धरला तरच कळतं. त्या दिवसांत काडीला ऊन हवं, उष्णता हवी, वाढ जरा थांबायला हवी. आभाळ राहिलं, पाऊस लागला, शेंडा नुसता पळत सुटला की त्याच जागी घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा, तयार होते. मग ऑक्टोबरमध्ये तुम्ही कितीही खर्च करा, जे आत नाही ते बाहेर कुठून येणार.

हे सगळं लहानपणापासून ऐकत आलोय, पण आतपर्यंत उतरलं ते २०२५ नंतर. त्या वर्षीचा मे आठवतोय ना? मान्सून २६ मे ला मुंबईत, इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती, आणि आमच्याकडे तर त्याच्याही आधीपासून अवकाळी चालूच होता. ऐन घड तयार व्हायच्या दिवसांत बागेत पाणी उभं आणि सूर्य गायब. आणि पुढे ऑक्टोबरात व्हायचं तेच झालं, घडच नसलेल्या वांझ फुटी, गोळीएवढेच राहिलेले गोळी घड, कुठे कुठे तर अख्खी ओळ फिरलं तरी डझनभर चांगले घड नाहीत.

तेव्हा गावात जी चर्चा चालायची ती मला फार लागली. प्रत्येकजण ऑक्टोबरमध्येच कारण शोधत होता. पेस्टिंगला, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून त्यांना लावतात ते, औषध कमी पडलं, छाटणी दोन दिवस लवकर झाली, मजुरांनी डोळे नीट मोजले नाहीत. एका घरात तर यावरून भावाभावांत बोलणं बंद झालं. नानांनी (माझे वडील) मात्र शांतपणे वही काढली आणि मे चं पान उघडलं. म्हणाले, "हे बघ, इथं झालंय ते. आता ऑक्टोबरवर कशाला राग काढतो?"

ही वही आमच्या घरात आहे २०१० पासून. त्या वर्षी युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराईडचे (वेलीची वाढ रोखायला वापरतात ते रसायन) अंश सापडले आणि निर्यातीचा माल तिकडेच अडकला, किती घरं कर्जात गेली ते आमच्या भागातल्या कोणालाही विचारा. तेव्हापासून कधी काय फवारलं, किती प्रमाणात, पाणी किती दिलं, हवा कशी होती हे नाना रोज लिहितात. सुरुवातीला निर्यातीच्या नोंदणीसाठी लिहायला लागायचं म्हणून, आता सवय म्हणून. त्यांच्यासारखा मोजकं बोलणारा माणूस वहीत मात्र भरभरून लिहितो.

मी पुण्याची नोकरी सोडून घरी आलो तेव्हा वही लिहायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, आणि मी समोरच्या कोऱ्या पानावर स्वतःचं पण लिहायला लागलो. बागेसाठी आम्ही जे तीन प्रश्न विचारतो तेच. मागच्या वर्षी याच सुमाराला काय केलं होतं, आज प्रत्यक्ष काय दिसतंय, आणि आजच्या या कामाचा परिणाम पुढच्या फेब्रुवारीत काय होणार. बागेला हे विचारणं सोपं आहे, स्वतःला विचारताना फार जड जातं, पण मला याचा खरंच उपयोग झालाय म्हणून इतकं लिहितोय.

मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू, आपण मागे बघतो तेव्हा फार जवळचं बघतो. नोकरी गेली की गेल्या महिन्यात साहेबाशी काय बोललो ते आठवतो, नातं तुटलं की शेवटचं भांडण आठवतो. खरं कारण बऱ्याचदा त्याच्या बरंच मागे, आपल्या लक्षातही न आलेल्या एखाद्या मे महिन्यात असतं. आणि हे वाईटाचंच असतं असं नाही हं. मी आता द्राक्ष बागायतदारांच्या चर्चासत्रात उभा राहून पाच-पन्नास लोकांसमोर न अडखळता बोलतो, लोक म्हणतात पुण्याला राहून आला म्हणून जमतं. पुण्यात मी स्क्रीनसमोर बसून काम करायचो, बोलायचा संबंधच नव्हता. ते आलंय आमच्या आबांमुळे. आबांना मोतीबिंदू झाला होता, शेवटची काही वर्षं वाचता यायचं नाही, मग रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो, बाजारभावापासून अग्रलेखापर्यंत सगळं. मध्येच ते थांबवायचे, "परत वाच, घाई करू नको, समोरच्याला कळलं पाहिजे." तेव्हा मला खेळायला जायची घाई असायची. आबा गेले त्याला आता खूप वर्षं झाली आणि मी माईक हातात धरला की आजही त्यांच्यासाठीच सावकाश बोलतो.

म्हणून आजकाल मला जास्त विचार पडतो तो आत्ताचा. खरड छाटणीचा काळ हा सगळ्यात वैतागाचा. मालाचे पैसे येऊन सोसायटीच्या कर्जात गेलेले असतात, बाग उघडी, ऊन मरणाचं, विहिरीने तळ गाठलेला, आणि हातात दाखवायला काही म्हणजे काही नाही, नुसता खर्च. फुटी विरळायच्या, सबकेन करायची (मुख्य काडी खुडून बाजूची फूट वाढवायची), शेंडा मारायचा, पाणी कमी-जास्त करायचं. एखादा पाहुणा आला तर म्हणतो बागेत सध्या काय काम नसेल ना. आणि वर्ष तर इथेच ठरत असतं!

माझा चुलत भाऊ नाशिकला एमपीएससी करतोय, मागच्या दिवाळीला आला तेव्हा घरात कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता, कारण सगळे एकच विचारतात, काय झालं रे निकालाचं. मी त्याला बागेत घेऊन गेलो आणि निकालाचं काही विचारलंच नाही, रोज काय वाचतोस ते विचारलं. दोन तास बोलत होता. त्याला किती आनंदाने राज्यघटना समजावून सांगता येते हे मला त्या दिवशी कळलं. तो पास होईल की नाही मला माहीत नाही, जागा किती निघतात, पेपर कसा येतो यातलं काहीच त्याच्या हातात नाही, जसा मे मधला पाऊस आमच्या हातात नव्हता. पण त्याच्यात जे तयार होतंय ते मला दिसलं आणि मी त्याला तसं सांगितलं. आपल्या माणसांना हे तोंडाने सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता पुढचं. यावेळी फळछाटणीच्या आधी डोळे तपासून घ्यायचे हे पक्कं आहे, म्हणजे किती घड आहेत ते आधीच कळेल आणि कुठल्या डोळ्यावर छाटायचं ते ठरवता येईल, नसतील तर निदान खर्च तरी हात राखून करता येईल. प्लास्टिक कव्हरचा विचार आहे पण एकरी खर्च ऐकला की नाना गप्प होतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कर्ज त्यांनी बघितलंय. मोठा प्रश्न आहे थॉमसन जातीच्या जुन्या प्लॉटचा. नानांचं म्हणणं अजून दोन-तीन वर्षं ठेवू, वेली म्हाताऱ्या झाल्या तरी ओळखीच्या आहेत. माझं म्हणणं अर्धा प्लॉट काढावा, येत्या फेब्रुवारीत डॉगरिजची, म्हणजे कलमासाठी लागणाऱ्या खुंटाची, रोपं लावावी आणि पावसाळा संपता संपता त्यावर नवीन जातीचं कलम करावं. पण मग पहिला माल हातात यायला दोनेक वर्षं जाणार, आणि तेवढा काळ घर उरलेल्या अर्ध्यावर चालवायचं. दोघांचंही म्हणणं वहीत तारीख टाकून लिहून ठेवलंय, आईने दोन्ही पानं वाचली आणि आधी विहिरीचं बघा म्हणाली. तिचंही लिहून घेतलं.

दिवाळीपर्यंत ठरवायचंय. तुमच्यापैकी कोणी चालू बाग अर्धी काढून नवीन लावली असेल, तर मधली दोन वर्षं घरखर्च कसा सांभाळला तेवढं मला नक्की कळवा, नानांना पण वाचून दाखवीन.