मे महिन्यातला विदर्भ: नागपूर, सेवाग्राम, ताडोबा आणि उन्हाचे वेळापत्रक

ऐन मे महिन्यात विदर्भात कशाला जायचे, असा प्रश्न मुंबई-पुण्याचे नातेवाईक हमखास विचारतात. त्याचे उत्तर ताडोबात मिळते. पानगळीने जंगल विरळ झालेले असते, बहुतेक नाले आटलेले असतात आणि वाघांपासून गव्यांपर्यंत सगळेच प्राणी उरलेल्या पाणवठ्यांच्या आसपास वावरत असतात. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद राहते, त्यामुळे ज्यांना वाघ दिसण्याची शक्यता महत्त्वाची वाटते त्यांना उन्हाळा टाळून चालत नाही. आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि नववीतला भाचा असल्यामुळे सहलीचा आराखडा आम्ही स्थळांनुसार न आखता उन्हाच्या तासांनुसार आखला. पुढे जाणाऱ्यांनीही तसेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की किनारपट्टीवरच्या उकाड्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. मुंबईत किंवा रत्नागिरीत घाम अंगावर साचून राहतो आणि त्यामुळे शरीरातून पाणी जात असल्याचे सतत जाणवते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्याआधीच वाळून जातो, आणि माणूस आपल्याला घामच येत नाही अशा समजुतीत तासन्‌तास पाणी न पिता हिंडतो. अंगावरचा काळा शर्ट संध्याकाळी मिठाच्या पांढऱ्या रेषांनी भरलेला दिसतो, तेव्हा दिवसभर काय घडत होते याचा उलगडा होतो. मात्र हाच कोरडेपणा प्रवाशाच्या कामीही येतो, कारण पाणी झपाट्याने वाळते तिथे ते उष्णताही झपाट्याने ओढून घेते. माठ, ओला पंचा, वाळ्याचे पडदे आणि कूलर हे सगळे याच तत्त्वावर चालते, आणि म्हणूनच कोकणात निरुपयोगी ठरणारा कूलर विदर्भात घरोघरी दिसतो.

कूलरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरून येणारे लोक नेमके इथे गोंधळतात. कूलर हा एसी नव्हे. एसी लावला की खिडक्या बंद करायच्या असतात. कूलरला मात्र बाहेरची कोरडी हवा आत घ्यावी लागते आणि खोलीतली दमट झालेली हवा बाहेर जायला वाट द्यावी लागते. दारे-खिडक्या लावून कूलर चालवला तर तासाभरात खोली दमट होते आणि थंडावा संपतो. म्हणून कूलरची खोली घेताना तो खिडकीत किंवा खिडकीबाहेर बसवलेला आहे का आणि समोरच्या बाजूला हवा जायला झडप किंवा खिडकी आहे का, हे पाहून घ्यावे. झोपण्यापूर्वी टाकीत पाणी पुरेसे आहे ना, हेही विचारावे. नुसत्या पंख्यावर विसंबून राहू नये. हवेचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेले की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो आणि शरीर अधिक कोरडे पडते. वीज गेली तर हातपाय, मान आणि चेहरा ओल्या कपड्याने पुसत राहणे जास्त उपयोगाचे असते. एसीची खोली मिळाली तरी तो अठरा अंशांवर ठेवण्याचा मोह आवरावा. सव्वीसच्या आसपास ठेवला तर बाहेर पडताना शरीराला तेवढा धक्का बसत नाही.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी नागपुरात उतरणे सर्वांत सोयीचे आहे, कारण दिवसाच्या गाडीत खानदेश आणि वऱ्हाडातली दुपार डब्यात काढावी लागते. स्वतःच्या वाहनाने समृद्धी महामार्गावरून येणाऱ्यांनी टायरमधली हवा पहाटे, टायर थंड असताना तपासून घ्यावी आणि झिजलेल्या टायरवर हा प्रवास करू नये. तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगात धावणाऱ्या गाडीचे टायर फुटण्याचा धोका खरा आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीची दारे आधी उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी, काचा खाली ठेवून थोडे अंतर जावे आणि मगच एसीवर भरवसा ठेवावा. बंद गाडीत मूल किंवा वृद्ध माणूस पाच मिनिटेही ठेवू नये. मधुमेही प्रवाशांनी इन्सुलिनही गाडीत ठेवू नये.

नागपुरात आम्ही सकाळी लवकर दीक्षाभूमीवर गेलो. जिथे पायताण काढावे लागते अशा कोणत्याही ठिकाणी, मग ते स्तूपाचे आवार असो की चंद्रपूरचे महाकाली मंदिर, दहानंतरची फरशी अनवाणी पायांना सोसवत नाही. जाड सुती मोजे जवळ असले की प्रश्न सुटतो. अकरा ते पाच हा वेळ आम्ही खोलीतच काढला. नागपूरकर स्वतः या वेळी कामाशिवाय बाहेर पडत नाहीत आणि पडलेच तर डोके, कान आणि तोंड दुपट्ट्याने किंवा स्कार्फने पूर्ण झाकून घेतात. हा केवळ रिवाज म्हणून सोडून देऊ नये. कोरड्या उन्हात उघड्या कातडीपेक्षा सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा अधिक सुखाचा असतो, कारण तो ऊन अडवतो आणि घाम लगेच उडून जाण्यापासून थोडा थोपवतो. बिनबाह्यांचे कपडे समुद्रकिनाऱ्यासाठी राखून ठेवावेत.

सेवाग्राम हा या सहलीतला शांत टप्पा होता. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, वर कौले आणि खाली उतरलेल्या पडव्या पाहताना वास्तुरचनेतच उन्हाचा किती विचार आहे ते कळते. थेट ऊन भिंतीला लागत नाही आणि जाड माती दिवसाची उष्णता सावकाश आत सोडते. सकाळी आठपर्यंत पोहोचल्यास आश्रम निवांत पाहून होतो. वर्ध्याहून अंतर थोडे आहे, पण परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवावी, कारण दुपारी रस्त्यावर उभे राहून वाट पाहण्यात सगळी तरतरी निघून जाते.

ताडोबाचे आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून बरेच आधी करावे लागते आणि ओळखपत्र बरोबर असावे लागते. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते, मोबाइल आत नेता येत नाही. चंद्रपूरकडून येणाऱ्यांना मोहर्लीचे प्रवेशद्वार सोयीचे पडते, नागपूरहून येणाऱ्यांना कोलाराचे. उन्हाळ्यातली सकाळची फेरी उजाडता उजाडता सुरू होते, दुपारची फेरी भर उन्हात. सासूबाईंना आम्ही फक्त सकाळी नेले, आणि वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील तर मी हाच सल्ला देईन. दुपारी जिप्सी उघडी असते, आसनाचे रेक्झिन आणि लोखंडी दांड्या चटका देतात. बसण्यापूर्वी आसनावर टॉवेल अंथरावा आणि हात टेकताना भान ठेवावे. वाघाला मात्र या सगळ्याचा बंदोबस्त माहीत असतो. पाणवठ्यावर आलेला वाघ आमच्यासमोर उलट्या पावलांनी मागे सरकत पाण्यात बसला आणि मान तेवढी बाहेर ठेवून अर्धा तास हलला नाही. आमच्या चालकाच्या मते दुपारची फेरी घेण्याचे एकमेव सयुक्तिक कारण हेच.

जंगलात गाडीतून उतरता येत नाही, म्हणून अनेक जण, विशेषतः स्त्रिया, आदल्या तासांत पाणी पिणेच टाळतात. हे सर्वांत धोक्याचे आहे. निघण्याच्या दीड-दोन तास आधी भरपूर पाणी पिऊन घ्यावे, प्रवेशद्वाराजवळच्या स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि आत गेल्यावर घोट घोट पीत राहावे. पाणी स्टीलच्या बाटलीत घेऊन तिच्यावर ओला मोजा चढवला तर वाऱ्यावर ते बऱ्यापैकी गार राहते. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडते आहे, एवढी साधी खूण पुरेशी आहे.

मात्र नुसते पाणी ढोसूनही भागत नाही, कारण घामातून मीठही जाते. जेवणात मीठ घातलेले ताक, पन्हे, कांदा, ज्वारीची आंबील यांचा समावेश असावा; सावजीचा झणझणीत रस्सा रात्रीसाठी ठेवावा. थकवा जाणवल्यास औषधाच्या दुकानातली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, म्हणजे सहसा एक लिटर पाण्यात, विरघळवून घ्यावी. पुडी मिळाली नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते. चमचा चहाचाच घ्यावा. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मीठ आणि पाण्याचे प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

डोके दुखणे, पायांत गोळे येणे, मळमळ ही थांबण्याची सूचना समजावी आणि सावलीत आडवे व्हावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात मानून त्याच क्षणी १०८ ला फोन करावा, कपडे सैल करून सगळ्या अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी अजिबात घालू नये. मोबाइल जंगलात नसतो, त्यामुळे आत असे काही घडल्यास वाटाड्या आणि चालकाला ताबडतोब सांगून गाडी प्रवेशद्वाराकडे वळवायला लावावी. पैसे वाया जातील म्हणून फेरी पूर्ण करण्याचा आग्रह धरू नये.