तुम्ही विचारलंत म्हणून: खरचटलेल्या गुडघ्याचा धडा

पालकसभेत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, कधी कुणाच्या घरी गेल्यावरसुद्धा एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "सहावी-सातवीच्या मुलांना दाह, पेशी, जखम भरून येणं हे सगळं कसं शिकवता हो? कळतं का त्यांना? आणि घाबरत नाहीत का?" उभ्याउभ्या दोन वाक्यांत दिलेलं उत्तर दरवेळी अपुरं राहतं, म्हणून आज नीट बसून लिहिते आहे.

कळतं. या वयाच्या मुलांइतका जखमांचा ताजा अनुभव कुणालाच नसतो. वर्गात नुसतं विचारा, "सध्या कुणाला कुठे लागलंय?" निम्मे हात वर होतात. सोललेलं कोपर, मुका मार लागून काळंनिळं झालेली नडगी, नखाच्या कडेला आलेला पू. एवढं सगळं समोर असताना मी फळ्यावर व्याख्या कशाला लिहू? ज्याचा गुडघा नुकताच खरचटलाय आणि जो तयार आहे, त्याला मी एक वही देते. रोज ठरलेल्या वेळी जखम बघायची, हात लावायचा नाही, चित्र काढून रंगवायचं आणि शेजारी दोन ओळी लिहायच्या.

अशाच एका वहीतल्या नोंदी सांगते. पहिला दिवस: "आग होते. रक्त थांबलं पण पाणी येतंय." दुसरा: "कडेने सुजलंय, गरम लागतं. गुडघा वाकवला की ताण बसतो." चौथा: "खपली झाली. सूज उतरली." आठवा: "खूप खाज. खपलीच्या कडा सुटल्यात." बारावा: "खाली गुलाबी कातडी." एवढ्या पाच नोंदींवर मी सहा तास शिकवू शकते, आणि शिकवतेही.

'पाणी येतंय' हीच नोंद घ्या. ते पाणी म्हणजे रक्तातला द्रव. कातडीखालच्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशी इजा होताच हिस्टामिन हे रसायन सोडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात आणि त्यांच्या भिंती झिरपू लागतात. जास्त रक्त आलं म्हणून लाली आणि ऊब, द्रव बाहेर आला म्हणून सूज, आणि त्या सुजेचा व तिथे सुटलेल्या रसायनांचा मज्जातंतूंच्या टोकांवर परिणाम म्हणून ठणका. लाली, सूज, ऊब, वेदना या चार खुणा रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात एकत्र लिहून ठेवल्या होत्या. 'गुडघा वाकवला की ताण बसतो' ही पाचवी खूण, म्हणजे त्या भागाचं काम अडणं, नंतर जोडली गेली. हे सांगितलं की मुलं वहीत बघतात आणि पाचही खुणा त्यांच्याच मित्राच्या अक्षरात आणि रंगवलेल्या चित्रात सापडतात.

पुढचा प्रयोग सगळ्यांनी करायचा. पेनाच्या बोथट टोपणाने स्वतःच्या हातावर, कातडी सोलू न देता, जरा दाबून एक रेघ ओढायची आणि थांबायचं. थोड्याच वेळात रेघ लालसर होते, काहींच्या हातावर चक्क उठून येते. ज्याची उठली तो घाबरतो. त्याला लगेच सांगावं लागतं की काही जणांची कातडी जरा जास्त हळवी असते एवढंच. इथे एक गोष्ट मी आग्रहाने शिकवते. पुस्तकातलं 'लाल' सगळ्यांच्या कातडीवर लाल दिसत नाही. सावळ्या, काळ्या कातडीवर तीच जागा नुसती अधिक गडद किंवा जांभळट दिसते. म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, हाताची मागची बाजू लावून ऊब बघायची. आधी मीही फक्त 'लाली बघा' म्हणायचे, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा गप्प बसून राहायचा. त्याला काही दिसतच नव्हतं.

शब्द येतो तो यानंतर. 'आग होते' असं मुलं स्वतःच म्हणालेली असतात, म्हणून 'दाह' त्यांना परका वाटत नाही. इन्फ्लमेशन या इंग्रजी शब्दाच्या पोटातही ज्वाळाच आहे. मग मी विचारते, घरात कुठले आजार 'आयटिस'ने संपतात? टॉन्सिलायटिस, आर्थ्रायटिस, अपेंडिसायटिस अशी यादी भराभर होते. प्रत्येकाचा अर्थ 'अमक्या जागी दाह' हे उमगलं की मुलांना किल्ली सापडल्यासारखं वाटतं.

मेचनिकॉफची गोष्ट मात्र मी सावकाश सांगते. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि रात्र जाऊ दिली. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती पेशींची गर्दी झाली होती. अळीला रक्तवाहिन्याच नसतात, तरी पेशी चालत आल्या होत्या. परक्या गोष्टींना गिळणाऱ्या पेशींच्या या कामासाठी त्याला १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं. मुलांना नोबेलपेक्षा ती रात्र आवडते.

आता घाबरण्याबद्दल. मुलं रक्ताला घाबरत नाहीत, पुवाला घाबरतात, त्यातही किळस जास्त असते. पू म्हणजे मुख्यतः काम करून मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि मोडतोड झालेला ऊतक, हे कळल्यावर तोंडं वाकडी होणं थांबतं. डॉक्टरांकडे कधी जायचं हेही स्पष्ट सांगते: दोन-तीन दिवसांनी ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय, लाली पसरत चाललीय, जखमेपासून वर रेघ जातेय, ताप आलाय. आणि 'जखमेला वारा लागू दे' यावर घरी वाद होतोच. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जास्त वेगाने चढते. हे मी मुलांना सांगते, पण त्यावरून आजीशी भांडू नका, असंही सांगते.

इतकी वर्षं मी हा सगळा धडा लढाईच्या भाषेत सांगत होते. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, जंतू म्हणजे शत्रू, आणि सूज आपली मैत्रीण. मुलांना आवडायचं. मग एका वर्षी सातवीतली एक मुलगी तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, सूज मैत्रीण असते, तर माझी का जात नाही?" तिला लहानपणापासून संधिदाह, म्हणजे सांध्यांचा दाह होता. सकाळी तिची बोटं मिटत नसत, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी वर्गासमोर ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं.

त्या रात्री मी धडा पुन्हा मांडला. लढाईत मला फक्त कोण लढतं हे सांगता येत होतं. लढाई थांबवतं कोण आणि मागचं आवरतं कोण, हे सुटत होतं, आणि जखम भरून येण्यात तेच तर निम्मं काम असतं. पहिले येतात न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तेही काही तासांतच. त्यांच्यामागून महाभक्षक पेशी येतात. त्या मेलेले न्यूट्रोफिल गिळतात, आणि ते गिळल्यावर त्यांचा स्वतःचाच सूर बदलतो. आधी 'या, या' अशी हाक देणाऱ्या त्याच पेशी आता 'पुरे, आता बांधा' असे निरोप सोडू लागतात. दाह आपोआप विझत नाही, शरीर तो विझवतं. मग तंतू बनवणाऱ्या पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणतात आणि कडेच्या कातडीच्या पेशी सरकत आत येतात. खोल जखमेचा व्रण पुढे कित्येक महिने घट्ट होत राहतो, तरी मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे त्याची ताकद जात नाही.

त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारून मी पुढच्या तासाला संधिदाहाबद्दल बोलले. मेचनिकॉफच्या काट्याकडे परत गेले. म्हटलं, काही जणांच्या सांध्यात काटा नसतोच, तरीही 'या, या' ही हाक चालूच राहते. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्याला परकं समजते, आणि 'पुरे' हा निरोप पुरेसा पोचत नाही. यात त्या माणसाची काहीच चूक नसते. काही औषधं ती हाकच वाटेत अडवतात.

वर्ग शांत होता. ती तिसऱ्या बाकावरून उठली आणि शेजारणीला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं इंजेक्शन ना, ते हेच करतं." मग कुणीतरी विचारलं, "दुखतं का?" आणि उरलेला तास तिनेच घेतला.