ब्रुसेल्समधील भुताटकी, आरडाओरडा आणि आंबट बिअर

चित्रपट महोत्सवात प्रेक्षकाने गप्प बसावे, या मताचा मी माणूस आहे. पुण्यातल्या महोत्सवात मागच्या रांगेतून कुजबुज ऐकू आली, तरी मी वळून पाहतो. त्यामुळे ब्रुसेल्सच्या फॅन्टॅस्टिक चित्रपट महोत्सवात, ज्याला तिथले लोक नुसते ‘बिफ’ म्हणतात, पडद्यावरची नायिका दार उघडे टाकून आत शिरली आणि अख्ख्या सभागृहाने एका सुरात ‘दार!’ अशी फ्रेंचमधून आरोळी ठोकली, तेव्हा मला प्रथम आश्चर्य वाटले आणि पाठोपाठ चांगलाच राग आला.

हा महोत्सव १९८३ पासून भरतो. भयपट, विज्ञानकथा, थरारपट आणि ज्यांना कोणत्याच खणात बसवता येणार नाही असे चित्रपट तिथे दाखवतात. अलीकडे तो शहराच्या उत्तरेला हेजेल इथल्या प्रदर्शन संकुलात होतो. मेट्रोतून बाहेर पडले की १०२ मीटर उंचीचे, १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेले, धातूच्या गोलांचे स्मारक अ‍ॅटोमियम समोर दिसते. त्याच्या चकाकत्या गोलांकडे पाहत मी वेळेवर पोहोचलो होतो, जागा मधली मिळाली होती, आणि तरीही चित्रपट धड ऐकू येत नव्हता.

चिडून का होईना, मी लक्ष देऊन पाहू लागलो, तेव्हा त्या गोंधळातली शिस्त ध्यानात आली. पडद्यावर चंद्र उगवला की सगळे लांडग्यासारखे हुंकारतात. खुनी एखाद्या पात्राच्या मागे येऊन उभा राहिला की ‘तुझ्या मागे!’ असा इशारा देतात. आपल्या आरोळीची जागा प्रत्येकाला ठाऊक असते आणि ती जागा चुकवणाऱ्याकडे बाकीचे नाराजीने पाहतात. खेळाआधी मंचावर आलेल्या पाहुण्यालाही सुटका नाही. त्याने दोन शब्द बोलायला सुरुवात करताच ‘गाणे! गाणे!’ असा घोष सुरू होतो. त्या संध्याकाळी एका तरुण दिग्दर्शकाने आधी विनवण्या केल्या, मग मान खाली घालून आपल्या भाषेतले एक संथ गाणे म्हटले आणि दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज फाटला. प्रेक्षकांनी त्याला जी दाद दिली, ती त्याच्या चित्रपटाला शेवटी मिळाली नाही. तमाशाच्या फडात सोंगाड्याशी सवालजवाब करणारा आपला प्रेक्षक इथे सहज रमला असता.

तरीही माझी तक्रार कायम आहे. रद्दड चित्रपट या आरोळ्यांनी सुसह्य होतो, पण चांगल्या, सावकाश उलगडणाऱ्या चित्रपटाचा त्या गळा घोटतात. भयपटातली शांतता दिग्दर्शकाने कष्टाने रचलेली असते आणि ती मोडण्याचा हक्क तिकिटाबरोबर मिळत नाही. मध्यंतरात बारजवळ मी हे एका दाढीवाल्या गृहस्थांना सांगितले. ते वर्षानुवर्षे येणारे होते. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि विषय बदलून मी कोणती बिअर घेतली आहे, याची चौकशी केली. मी हलकी लागर घेतली होती. चित्रपटाविषयीचे माझे मत त्यांनी खपवून घेतले, पण ही लागर त्यांना खपली नाही.

त्यांच्याच सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी मी ब्रुसेल्सच्याच अँडरलेख्त भागातल्या कॅन्टिलॉन या १९०० साली सुरू झालेल्या मद्यशाळेत गेलो. लॅम्बिक बिअर तिथे बाहेरून यीस्ट न घालता तयार होते. गहू आणि बार्लीचा उकळलेला काढा छपराखालच्या उथळ, पसरट तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले रानटी यीस्ट त्यात आपोआप उतरते. त्यासाठी रात्री थंड लागतात, म्हणून हे काम उन्हाळ्यात होत नाही. पुढे ती लाकडी पिंपांत मुरते, आणि एक, दोन व तीन वर्षे मुरलेल्या लॅम्बिकच्या मिश्रणातून गझ ही फेसाळ बिअर बनते. पिंपांवरची कोळ्यांची जाळी कोणी झाडत नाही, कारण कोळी उपद्रवी किडे खातात. महोत्सवातल्या कित्येक चित्रपटांच्या नेपथ्यापेक्षा ती जाळी मला अस्सल वाटली. गझ मात्र इतकी आंबट आणि कोरडी निघाली की पहिल्या घोटाला डोळे मिटले. दुसरा पेला मी स्वतःहून मागितला.

बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पण या लोकांचा अभिमान युनेस्कोची वाट पाहत थांबला असेल, असे वाटत नाही. ठरावीक बिअरचा ठरावीक पेला धुवायला गेलेला असल्याने ‘थोडे थांबा’ असे मला एका कॅफेत सांगण्यात आले, आणि दुसऱ्या पेल्यात देण्याची माझी सूचना अशिष्ट ठरली. बटाट्याच्या फ्रीटचेही, म्हणजे फ्रेंच फ्राइजचेही, तसेच. ते दोनदा तळतात, आणि परंपरेने गाईच्या चरबीत. मी गोमांस खात नाही, म्हणून टपरीवाल्याला विचारले, तर त्याने छाती फुगवून ‘अर्थातच, शुद्ध चरबी!’ असे उत्तर दिले. वनस्पती तेलात तळणारी टपरी कुठे आहे, हेही त्याने सांगितले, पण चेहऱ्यावर अशी करुणा आणून की जणू मी दवाखान्याचा पत्ता विचारला होता.

रात्रीचे खेळ मध्यरात्र उलटून संपतात आणि मेट्रो तोवर बंद होते, हा खर्च कोणी आधी सांगत नाही. पुन्हा गेलो, तर गंभीर चित्रपट दुपारी, तुरळक गर्दीत पाहीन आणि मध्यरात्रीचा सर्वांत वाईट खेळ निवडीन. चंद्र उगवला की काय करायचे, ते आता मला येते.