बाळ सांभाळून घरून काम : माझा अनुभव

बायकोची रजा संपली आणि दिवसभर बाळाजवळ मी राहायचं ठरलं. अर्धवेळ काम घरूनच चालू ठेवलं. 'बाळ झोपलं की काम उरकायचं' हा सल्ला सगळे देतात, पण त्यातला हिशेब नीट मांडावा लागतो.

चार महिने ते एक वर्षाच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते. आकडा मोठा दिसतो, पण त्यातली बरीचशी झोप रात्रीची. दिवसा दोन-तीन डुलक्या, आणि त्यातली एखादी पाऊण तासातच मोडते. बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण तेवढंच असतं आणि ते संपताना झोप हलकी होते. त्यात सुरुवातीची काही मिनिटं बाळ गाढ झोपेपर्यंत थांबण्यात जातात. म्हणून मी एका डुलकीत कामाचा अर्धा तासच धरतो. जास्त मिळाला तर तो वरकड.

अर्ध्या तासात बसतील असे कामाचे तुकडे आदल्या रात्री पाडून ठेवावेत. मध्येच सोडलं तरी बिघडत नाही ते (मेल, बिलं, तपासणी) डुलकीत. सलग डोकं लागतं ते पहाटे, नाहीतर बायको घरी आल्यावर. कॉल मात्र डुलकीच्या भरवशावर कधीच ठेवू नयेत. उत्तर त्याच दिवशी मिळेल, त्याच मिनिटाला नाही, हे समोरच्याला काम घेतानाच सांगितलं की पुढची बरीच धावपळ वाचते.

झोपवण्याची वेळ घड्याळापेक्षा बाळाकडे पाहून ठरवा. सहा महिन्यांच्या आसपास बाळ साधारण दोन-अडीच तास जागं राहतं. नजर एकाच जागी खिळली, खेळण्यातून लक्ष उडालं, डोळे चोळायला लागलं की लगेच खोलीत न्यायचं. 'एवढा मेल पाठवतो आणि मग' म्हणून ताणलं की बाळ अतिदमतं, रडतं आणि झोपायला दुप्पट वेळ घेतं.

आईच्या काढून ठेवलेल्या दुधाची जबाबदारी पूर्णपणे वडिलांनी घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. 60 ते 120 मिली एवढेच भाग करायचे, म्हणजे उष्टं वाया जात नाही. प्रत्येकावर तारीख हवीच. ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. फ्रिजच्या दारात ठेवू नका, तिथलं तापमान सतत बदलतं. मागच्या बाजूला ठेवा. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये पूर्ण वितळलं की 24 तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. पाजताना उरलेलं 2 तासांनंतर टाकून द्यायचं. मायक्रोवेव्हमध्ये दूध सारखं तापत नाही, मध्येच इतकं कढत राहतं की तोंड भाजू शकतं. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरायची, वर आलेली साय हलक्या हाताने फिरवून मिसळायची आणि एक थेंब मनगटावर घेऊन पाहायचा. पाजताना बाळाला थोडं उभट धरा, बाटली जवळजवळ आडवी ठेवा आणि मध्ये थांबा, म्हणजे पोट भरल्याचं त्याला कळतं. बायको घरी यायच्या आधीच्या तासात पोटभर पाजू नये. तिची छाती भरलेली असते आणि बाळाला भूकच नसते.

कामं 'मदत' म्हणून घेतली की ती लक्षात ठेवण्याचा भार आईवरच राहतो. ऑफिसात बसूनही तिला लसीची तारीख, संपत आलेले डायपर, आखूड झालेले कपडे आठवत राहतात. म्हणून डॉक्टर, लस, कपडे, सामान ही खाती मी आठवणीसकट घेतली. दवाखान्याच्या नोंदीत पहिला फोन नंबर माझा दिला. हे बदललं नाही तर बाळ घरी वडिलांकडे असूनही फोन आईलाच जातो.

सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान डुलक्या तीनवरून दोनवर येतात, पुढे वर्ष ते दीड वर्षात एकच उरते. दोन्ही वेळा घडी पार विस्कटते: एक दिवस बाळ दोनदा झोपतं, दुसऱ्या दिवशी तीनदा. या काळात नवं काम घेऊ नये आणि हातातल्या कामाची मुदत आधीच वाढवून घ्यावी. एकच डुलकी उरली की ती बहुधा लांबते. तेव्हा कुठे सलग लागणारं काम दिवसा करता येतं.