वाट पाहू शकणारे पदार्थ

शनिवार, रात्री

आमच्या घरात सर्वांनी एकाच वेळी जेवायला बसणे सुट्टीच्या दिवशीच जमते. आईला औषधे घ्यायची असल्यामुळे तिला संध्याकाळी लवकर जेवावे लागते, मुलगी सराव संपवून येते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि पत्नीची कामाची पाळी बदलती असल्यामुळे ती कधी सर्वांच्या आधी घरी येते, तर कधी सर्वांच्या नंतर. अशा घरात रोज स्वयंपाक करताना माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले आणि आज ते नीट लिहून ठेवावेसे वाटते. पाककृतीच्या डोक्यावर छापलेल्या ‘वीस मिनिटांत तयार’ या शब्दांचा मला फारसा उपयोग होत नाही. तयार झालेला पदार्थ चव न गमावता किती वेळ थांबतो, हे मला आधी कळायला हवे असते, कारण शेवटच्या माणसाच्या ताटात पडणारे अन्न पहिल्या माणसाच्या अन्नाइतकेच चांगले असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आज टोमॅटोच्या दाट रश्शात अंडी सोडून शिजवली. घरच्या जेवणासाठी याहून सोयीचा पदार्थ मला अजून सापडलेला नाही, कारण त्याचे सरळ दोन भाग पडतात. रस्सा मंद आचेवर गरम ठेवला तर तो थांबतो आणि थांबताना अधिक मुरतो. अंडे मात्र थांबत नाही. म्हणून रस्सा एकदाच करून ठेवायचा आणि जो जेवायला येईल त्याच्यापुरता थोडा रस्सा लहान कढईत काढून, त्यात डावाने खळगा करून अंडे फोडून सोडायचे. झाकण ठेवले की पाच-सहा मिनिटांत पांढरा भाग घट्ट होतो. मुलीला बलक मऊ आवडतो, तर आईसाठी तो पूर्ण शिजलेलाच हवा, कारण वयस्कर माणसे, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना कच्चट अंड्यातील जंतूंपासून अधिक धोका असतो. प्रत्येकाच्या वेळेप्रमाणे आणि गरजेप्रमाणे अंडे शिजवता येते आणि मूळ कष्ट मात्र एकदाच करावे लागतात.

ते कष्ट मुख्यतः कांद्याचे असतात, आणि तिथे मी कधीही घाई करत नाही. जाड बुडाच्या पसरट भांड्यात तेल तापवून पातळ चिरलेला कांदा घातला आणि त्यावर लगेच चिमूटभर मीठ टाकले की मिठामुळे कांद्यातील पाणी बाहेर ओढले जाते आणि तो लवकर मऊ पडतो. सुरुवातीला भांड्यातून ओलसर, सलग चरचर ऐकू येते. पाणी आटत जाते तसा तो आवाज तुटक आणि कोरडा होतो, कांद्याच्या कडा सोनेरी दिसू लागतात आणि बुडाला तपकिरी, चिकट थर धरतो. अशा वेळी दोन चमचे पाणी टाकून उलथन्याने तो थर खरवडला की सगळा खमंगपणा पुन्हा कांद्यात मिसळतो. हे तीन-चार वेळा करावे लागते. पाणी असेपर्यंत भांड्यातले तापमान 100 अंश सेल्सियसच्या आसपासच अडकून राहते, आणि साखर व अमिनो आम्ले यांच्यातील ज्या क्रियेमुळे अन्नाला खमंग वास आणि तपकिरी रंग येतो, ती क्रिया साधारण 140 अंशांच्या पुढे वेग घेते. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचे वर्णन केले आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. कांदा गडद आणि गोड व्हायला पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत तो होतो असे जिथे लिहिलेले असते, तिथे पुढच्या मजकुरावरही माझा विश्वास बसत नाही.

पाहुण्यांसाठी प्रमाण दुप्पट करताना हीच गोष्ट विसरून चालत नाही. दुप्पट कांदा त्याच भांड्यात कोंबला की तो परतला जात नाही, स्वतःच्याच वाफेत उकडतो. भांडे अधिक पसरट घ्यावे किंवा दोन भांड्यांत काम करावे. मीठ आणि तिखटही सरळ दुप्पट करू नये, आधी थोडे कमी घालून चाखत चाखत वाढवावे.

टोमॅटो घातल्यावर मी तो तेल सुटेपर्यंत आटवतो. त्यामुळे कच्चा वास जातो आणि चव दाट होते. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असते, आणि मांसाच्या रश्शात किंवा मुरलेल्या चीजमध्ये जी भरदार चव लागते तिच्या मुळाशी हाच घटक असतो. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्शातून तो वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. वाळवलेल्या अळिंबीत त्याला पूरक असा दुसरा घटक असतो आणि दोन्ही एकत्र आले की चव बेरजेपेक्षा बरीच अधिक वाढते. म्हणून मांस न घालताही रस्सा भरीव व्हावा असे वाटते तेव्हा मी वाळलेली अळिंबी कोमट पाण्यात भिजवून, बारीक चिरून, तिचे गाळलेले पाणीही रश्शात घालतो. आईला हा रस्सा विशेष आवडतो आणि तिने दुसऱ्यांदा मागून घेतला की मला फार समाधान वाटते.

आंबटपणा मी शेवटी घालतो. लिंबाचा सुगंध उडून जाणारा असतो, त्यामुळे तो उकळत्या भांड्यात वाया जातो. आच बंद केल्यावर पिळलेले अर्धे लिंबू संपूर्ण भांड्याची चव उजळून टाकते. अनेकदा पदार्थात काहीतरी कमी आहे असे वाटून आपण मीठ घालत राहतो आणि तिथे खरी गरज आंबटाची असते. कोथिंबीर, पुदिना अशी कोवळी पानेही वाढतानाच घालावीत. तिखटाबाबत आमच्या घरात मोठी मतभिन्नता आहे, म्हणून मूळ पदार्थ सौम्य ठेवतो आणि मिरचीपूड गरम तेलात फुलवून वाटीत वेगळी ठेवतो. मिरचीतील तिखट द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे एक चमचा तेलही सगळ्या रश्शाला तिखट करू शकते आणि ज्याला जेवढे हवे तेवढे तो घेतो. हे तेल मी त्या दिवसापुरतेच करतो. तिखट जास्त झालेच, तर पाण्याऐवजी दूध किंवा दही जवळ असावे.

दुपारी शेजारच्या घरासाठी मसूर डाळीचे दाट सूप केले. त्यांच्याकडे नुकतेच बाळ आले आहे आणि घरातील सर्वांचीच झोप अपुरी आहे. साल काढलेली मसूर डाळ भिजवावी लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत शिजते आणि स्वतःच विरघळून दाट होते. त्यात गाजर, कांदा, लसूण आणि जिरे एवढेच घातले. लसूण ठेचून काही मिनिटे तसाच ठेवला आणि मग तेलात टाकला, कारण त्याचा उग्र स्वाद पेशी फुटल्यावरच तयार होऊ लागतो आणि उष्णता लागताच ती क्रिया थांबते. डाळ मऊ होईपर्यंत टोमॅटो किंवा लिंबू घालायचे नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. आंबट पाण्यात डाळी, कडधान्ये आणि बटाटेसुद्धा लवकर मऊ होत नाहीत. शिजवण्याची बाकी कामे तशी सोपी होती.

कोणाच्या घरी अन्न नेताना मात्र चवीइतकाच इतर गोष्टींचाही विचार करावा लागतो. आधी विचारून घेतले की घरात कोणाला शेंगदाणे, इतर सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, तीळ किंवा मासे यांची ॲलर्जी आहे का. असे विचारणे कोणालाही खटकत नाही, उलट त्यांना हायसे वाटते. डबा असा दिला की तो धुऊन परत करण्याचे ओझे त्यांच्यावर पडू नये. झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर पदार्थात काय काय आहे, तो कोणत्या दिवशी केला आणि किती दिवसांत संपवावा हे लिहिले. ज्यात वाढण्यापूर्वी काही चिरायचे, तळायचे किंवा एकत्र करायचे असते असे पदार्थ मी अशा घरी नेत नाही, कारण थकलेल्या माणसाच्या हातात अर्धवट काम देण्यात कसली मदत? फक्त गरम करून खाता येईल, एका हाताने खाता येईल आणि थंड झाल्यावरही बेचव होणार नाही, एवढे पाहावे. दारात थांबून गप्पा मारण्याचा मोह आवरावा, हेही मी इथे लिहून ठेवतो.

आता थांबण्याची दुसरी बाजू, जिच्याबाबत मी अत्यंत काटेकोर आहे. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि उकाड्याच्या दिवसांत तर मी एका तासातच आवरून घेतो. 5 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणजे ‘थांबणारा पदार्थ’ एकतर खरोखर गरम तरी असला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये तरी. मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत वाटून ठेवावे. पुन्हा गरम करताना वाफ येईपर्यंत, आतपर्यंत गरम करावे आणि तेही आपल्याला लागेल तेवढेच.

भाताबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. तांदळात असलेल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की ते वाढू लागतात आणि त्यांतून तयार होणारे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे भाज्या घालून एकाच पातेल्यात केलेला भात हा झटपट आणि सर्वांना आवडणारा प्रकार असला, तरी सगळे एकत्र जेवणार असतील त्याच दिवशी मी तो करतो. आच बंद केल्यावर झाकण न काढता दहा मिनिटे ठेवले की वाफ सगळीकडे सारखी पसरते आणि शीत मोकळे होते.

उद्या सुट्टी आहे आणि आईची बहीण, म्हणजे आमची मावशी, सहकुटुंब जेवायला येणार आहे. राजमा करायचे ठरले आहे, म्हणून तो मीठ घातलेल्या पाण्यात भिजत घातला आहे. मिठामुळे साल मऊ होते आणि दाणे शिजताना फुटत नाहीत. सकाळी ते पाणी टाकून द्यायचे आणि ताज्या पाण्यात राजमा आधी खळखळून उकळायचा. कच्च्या राजम्यात लेक्टिन प्रकारातले एक विषारी प्रथिन असते, त्यामुळे उलट्या होतात. ते घालवण्यासाठी पूर्ण उकळीची किमान दहा मिनिटे लागतात आणि मी अर्धा तास देतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट लावणे धोक्याचे आहे, कारण तिथे पुरेसे तापमान मिळेलच असे नाही आणि कमी उष्णतेने हा विषारीपणा वाढूही शकतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जाते, तेव्हा ती चिंता उरत नाही आणि वेळही वाचतो.

कांदा मी आजच जास्त परतून ठेवला आहे, त्यामुळे सकाळी राजमा शिजला की तो, टोमॅटो आणि मसाले घालून अर्धा तास मुरवणे एवढेच उरेल. भोपळा आणि फ्लॉवर तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये 220 अंशांवर भाजायचे. ट्रेमध्ये तुकडे एकमेकांना न चिकटता एका थरात पसरायचे, म्हणजे ते वाफेत मऊ न पडता कडांनी खरपूस होतील. मावशीला दातांमुळे कडक काही चालत नाही, तेव्हा तिच्या वाट्याचा भोपळा थोडा आधी काढून घ्यायचा. जे उरेल ते तिच्या मुलाला डब्यात द्यायचे आणि सूपचा जो एक डबा उरला आहे तो वर थोडी जागा सोडून फ्रीझरमध्ये टाकायचा, कारण पाणी गोठताना साधारण 9 टक्क्यांनी फुगते आणि काठोकाठ भरलेला डबा तडकतो.