चिठ्ठीवर ‘ओटी’ लिहून घेऊ नका

आई 78 वर्षांची. पावसाळ्यात रामबागेतल्या घरी न्हाणीघरात घसरली, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग फिजिओथेरपी. ते सगळं नीट पार पडलं. मनगट वळायला लागलं, पण निऱ्या खोचता येईनात, अंबाडा जमेना. त्यात भीती बसलेली. टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीच्या दाराशी नुसती उभी राहायची. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘ओटीला दाखवा’. म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः जमावीत म्हणून असलेली. पण इस्पितळात ‘ओटी’ म्हणजे ऑपरेशन थिएटरही.

इथून आमचे ग्रह फिरले.

इस्पितळाचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी पाहून विचारलं, ‘ऑपरेशन कब का है?’ म्हटलं, ऑपरेशन नाही, थेरपी. ‘तो फिजियो. नीचे बेसमेंट.’ खालचा म्हणाला, तुमची फिजिओ तर संपली, वर जा. वर कोणीतरी तत्परतेने फाइलच उघडली आणि कागद हातात दिला: भूल देण्याआधीची तपासणी, उद्या उपाशीपोटी या. आई रडकुंडीला. ‘अरे, कापणारेत का मला?’ पावणेतीन तास हेच. शेवटी एका वयस्क नर्सबाईंनी चिठ्ठी वाचली, हसल्या आणि आम्हाला पुन्हा बेसमेंटमध्ये घेऊन गेल्या. फिजिओच्या शेजारचीच खोली. दोनदा आम्ही तिच्यासमोरून गेलो होतो! दारावर फक्त ‘पुनर्वसन’. कमला निंबकरांनी मुंबईत केईएमला ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण 1950 साली सुरू केलं. आमच्या काउंटरपर्यंत ते अजून पोचायचंय.

थेरपिस्ट बाईंनी आधी मनगट पाहिलंच नाही. विचारलं, ‘आजी, सकाळी उठल्यापासून काय काय करता?’ आई अर्धा तास बोलली. तेव्हा कळलं, न्हाणीत ती टॉवेलच्या दांडीला धरून उठायची, आणि घसरली तेव्हा तीच उखडून हातात आली होती. तिथे भिंतीत स्क्रूने पक्का स्टीलचा दांडा लावायला सांगितला, मुठीत येईल असा, सव्वा ते दीड इंच जाडीचा. (चिकटवायचा घेऊ नका. आणि ड्रिलवाला येईल तेव्हा आईला आधी स्टुलावर बसवून, हात कुठे जातो ते बघून खूण करा. आमचा पहिला चार बोटं वर लागला.) बसून अंघोळ, पायपुसणं बंद. निऱ्या पलंगावर बसून घालायच्या आणि कपड्याच्या चिमट्याने धरून मग खोचायच्या. पोह्यांचा कांदा चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे पाट सरकत नाही.

हां, जाताना न्हाणीघराचे फोटो मोबाइलवर न्या. आम्हाला त्यासाठी दुसरी खेप पडली. आणि चिठ्ठीवर पूर्ण शब्द लिहून घ्या, डॉक्टर कितीही घाईत असोत.

दाराला आतून कडी लावायची नाही, हे मात्र आई ऐकेना. शेवटी कडीच काढून टाकली. आता रोज सकाळी आतून आरोळी येते, ‘कोणी येऊ नका रे!’