अर्धवट राहिलेल्या पदव्यांचा माग

आमच्या विभागात प्रवेश घेतलेली सगळी मुलं पदवी घेऊन बाहेर पडत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत होतं. किती जण थांबतात, कुठल्या सेमिस्टरला थांबतात आणि का, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. अहवाल द्यायची वेळ आली तेव्हा विभागप्रमुखांनी हे काम माझ्याकडे सोपवलं. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून आकडे माझ्याकडे. अहवाल केव्हाच जाऊन पडला, पण मी त्या कामात गुंतले ती आजतागायत. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हे कुठल्याही कॉलेजला करता येण्यासारखं आहे आणि त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

पहिला पेच भागाकाराचा होता. आमच्याकडे निकालाची टक्केवारी काढायची ती अशी: शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला जितके बसले, त्यातले पास किती. हा आकडा दरवर्षी छानच यायचा. यायचाच, कारण जी मुलं पहिल्या वर्षातच निघून गेली ती छेदात धरलेलीच नसायची. गेलेल्यांना मोजणीतून वगळून राहिलेल्यांचा निकाल लावायचा आणि समाधान मानायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मी ठरवलं की छेदात प्रवेशाच्या दिवशीची पूर्ण यादी धरायची.

मग प्रश्न आला, किती वर्षं वाट बघायची? अमेरिकेत १९९० मध्ये एक कायदा झाला आणि तिथल्या कॉलेजांना पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करणं भाग पडलं. त्यात मुदत धरतात ती अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या कालावधीच्या दीडपट, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं. त्या मोजणीतही खोट आहेच: जो विद्यार्थी कॉलेज बदलून दुसरीकडे पदवी घेतो, तो मूळ कॉलेजच्या हिशेबात पदवीधर धरला जात नाही. तरी दीडपट मुदतीची कल्पना मला पटली. मी दोन आकडे काढले, वेळेत पूर्ण करणारे आणि उशिरा का होईना पण पूर्ण करणारे. दुसरीकडे गेलेल्यांचा वेगळा रकाना केला. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की लगेच कळतं, आपल्याकडची मुलं रेंगाळतात की निघून जातात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

प्रत्यक्ष काम किचकट होतं. प्रवेशाची नोंदवही कार्यालयात, गुण परीक्षा विभागात, हजेरी ज्या त्या शिक्षकाच्या कपाटात. एकाच मुलाचं नाव एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे नंतर. रोल नंबर दरवर्षी बदलणारा. शेवटी नोंदणी क्रमांक हा एकच धागा सगळीकडे सारखा सापडला आणि त्यावरून एकेक ओळ जुळवत गेले. कार्यालयातल्या एका ज्येष्ठ लिपिक बाईंना जुन्या वह्या कुठे आहेत हे तोंडपाठ होतं. त्या नसत्या तर हे काम झालंच नसतं.

यादी जुळल्यावर जे दिसलं त्यानं स्टाफरूममधल्या बऱ्याच गप्पा निकालात निघाल्या. आमच्यातल्या बहुतेकांचं म्हणणं असायचं की मुळात येणारी मुलंच कच्ची, प्रवेशाचे गुणच कमी, मग पुढे काय होणार? प्रवेशाच्या गुणांचा संबंध होता, नाही असं नाही. पण चांगले गुण घेऊन आलेलीही कितीतरी मुलं गेली होती, आणि काठावर प्रवेश मिळालेली कितीतरी वेळेत पास होऊन गेली होती. खरी फारकत पहिल्या सेमिस्टरच्या निकालात दिसत होती. ज्यांचे तिथे दोन किंवा जास्त विषय राहिले, त्यातली फार थोडी मुलं शेवटच्या यादीत होती. एकही विषय न राहिलेली बहुतेक सगळी शेवटपर्यंत पोचली होती, प्रवेशाचे गुण काहीही असोत.

हे आमच्यापुरतंच आहे का म्हणून मी वाचत गेले. शिकागोतल्या शाळांवर इलेन अ‍ॅलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये अहवाल लिहिला होता. नववीच्या वर्षात ज्या विद्यार्थ्यानं वरच्या वर्गात जाण्याइतकी क्रेडिट मिळवली आणि मुख्य विषयात एका सेमिस्टरपेक्षा जास्त वेळा नापास झाला नाही, तो 'रुळावर आहे' असं त्यांनी धरलं. रुळावर असलेली मुलं चार वर्षांत शाळा पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या सुमारे साडेतीनपट निघाली. आधीच्या चाचणी परीक्षांच्या गुणांपेक्षाही या पहिल्या वर्षावरून पुढचा अंदाज नेमका येत होता. पहिलं वर्ष आपल्या हातात असतं, मूल आपल्याकडे येण्याआधीची वर्षं नसतात. माझ्या दृष्टीनं या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

पण पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. त्याच्याही आधी काही दिसतं का? दिसतं, हजेरीत. मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हजेरी आणि गुण यांच्यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. कॉलेजातल्या गुणांचा अंदाज प्रवेश परीक्षा, शाळेतले गुण किंवा अभ्यासाच्या सवयी यांच्यापेक्षा हजेरीवरून जास्त चांगला येतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे मी बैठकीत मांडल्यावर ताबडतोब सूचना आली की गैरहजेरीला दंड लावा. मी विरोध केला. त्याच अभ्यासात हेही आहे की हजेरी सक्तीची केल्यानं होणारा फायदा थोडाच असतो. मुलाला दटावून बाकावर आणून बसवता येईल, पण ज्या कारणानं ते येत नव्हतं ते कारण तसंच राहतं.

एका मुलाची हजेरीची ओळ मी बराच वेळ बघत बसले होते. टक्केवारी काढली तर तो धोक्याच्या यादीत. पण तासवार बघितलं तर दुसऱ्या तासापासून तो रोज हजर होता, पहिल्या तासाला मात्र कधीच नव्हता. बोलावून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, रात्रपाळी सुटते तिथून सरळ इकडंच येतो. त्याआधी पोचताच येत नाही." पहिल्या तासाला जो विषय होता नेमका तोच त्याचा राहिला होता. त्या सरांशी बोललो, त्यांनी दुसऱ्या तुकडीच्या दुपारच्या तासाला बसायची त्याला परवानगी दिली. पुढच्या परीक्षेत तो विषय निघाला. टक्केवारीचा एकच आकडा बघून हे कधी कळलं नसतं. म्हणून आता आम्ही हजेरी तासवार ठेवतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते फोनांनी. सोडून गेलेल्या मुलांचे नंबर जुन्या अर्जांवर होते. काही बंद, काही वडिलांचे, काही भलत्याच माणसाचे. जे लागले त्यावर मी एकच विचारायची: "तू कॉलेजला यायचं कधी थांबवलंस, आणि त्याच्या आदल्या महिन्यात काय काय झालं होतं?" का सोडलंस असं थेट विचारलं की उत्तर ठरलेलं, घरची अडचण. महिना आठवायला सांगितलं की गोष्टी उलगडत. अमकी परीक्षा आजारपणात गेली, फेरपरीक्षेचा अर्ज कुठे भरायचा ते कळलं नाही, मग वर्गात जायची लाज वाटली. कुणाच्या घरी आई अंथरुणाला खिळली. कुणाला शिकवण्याची भाषाच समजत नव्हती आणि तसं सांगायचं धाडस झालं नाही. एका मुलीचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: "मी येणं बंद केलं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, मग म्हटलं आता परत जाऊन काय सांगायचं?"

व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेली उपपत्ती मला त्या मुलीमुळे खऱ्या अर्थानं समजली. विद्यार्थी टिकतो की जातो हे तो अभ्यासात किती मिसळला आणि तिथल्या माणसांत किती मिसळला या दोहोंवर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. घरची परिस्थिती, आधीची तयारी, पैसा हे सगळं तो बरोबर घेऊनच येतो, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर शिक्षकाचं काही चालत नाही. पण आपण आलो नाही तर कुणीतरी विचारेल, एवढी खात्री देणं कुठल्याही कॉलेजला जमतं.

फोनांतून आणखी एक कारण वारंवार पुढे आलं, त्याचा मला अजूनही राग येतो. किरकोळ बाकी. ग्रंथालयाचं हरवलेलं पुस्तक, प्रयोगशाळेचं शुल्क, उशिराचा आकार, असलं काहीतरी राहिलेलं, त्यापायी परीक्षेचा अर्ज अडकलेला, आणि अर्ज अडकला म्हणून वर्ष गेलेलं. वर्ष गेलं की नोकरी धरली, नोकरी धरली की परत येणं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं नेमकं हेच ओळखलं होतं. थोडी फी बाकी राहिल्यानं ज्यांचं नाव कमी होणार होतं, अशा मुलांच्या खात्यात त्यांनी छोटी अनुदानं थेट जमा केली, आणि कोण मागे पडतंय यावर रोजच्या रोज लक्ष ठेवायची यंत्रणा उभी केली. २००३ मध्ये तिथे सहा वर्षांत पदवी घेणारे ३२ टक्के होते, पुढच्या दहा-बारा वर्षांत ते प्रमाण पन्नाशीच्या पुढे गेलं. आमच्याकडे एवढी ऐपत कुठली? पण बाकीची यादी परीक्षेच्या अर्जाआधी महिनाभर विभागाला मिळावी, एवढं मी प्राचार्यांकडून मंजूर करून घेतलं. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून त्यातल्या बऱ्याच बाक्या भागतात.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दलही लिहायला हवं, कारण भरपूर अभ्यास करूनही नापास होणारी मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. एक मुलगी नोट्सची वही घेऊन आली होती. पानन्‌पान तीन रंगांत अधोरेखित केलेलं, कोपरे मळलेले. किती वेळा वाचलंस विचारलं तर म्हणाली, पाठच झालंय. मी वही मिटायला लावली, कोरा कागद दिला आणि आठवेल ते लिहायला सांगितलं. व्याख्येचा पहिला अर्धा भाग आला आणि तिचं पेन थांबलं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग मी तिला सांगितला. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं तो एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर उलट झालं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१. परीक्षा वाचल्यावर पाच मिनिटांनी नसते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक तासाची शेवटची काही मिनिटं कोऱ्या कागदाची. त्या कागदांना गुण नाहीत.

सहकाऱ्यांचा आक्षेप होता की एवढं हातात धरून चालवलं तर मुलं पांगळी होतील. त्यावर मी न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या कॉलेजांमधला असॅप हा २००७ साली सुरू झालेला कार्यक्रम पुढे ठेवला. फीमधली तूट भरून काढायची, पुस्तकांना आणि प्रवासाला मदत, मोजकीच मुलं सांभाळणारा एक सल्लागार, आणि विद्यार्थ्यानं मात्र पूर्णवेळ शिकायचं व सल्लागाराला नियमित भेटायचं. चिठ्ठी टाकावी तशी मुलांची दोन गटांत विभागणी करून तपासलं, तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणारे या कार्यक्रमात ४० टक्के निघाले आणि बाहेर २२. मुलं तीच, तशाच घरांतली. यापैकी एखादीच गोष्ट उचलून तेवढा फरक पडेल असं मला वाटत नाही, कारण तिथे सगळ्या एकदम दिल्या होत्या.

आमच्याकडे आता असं चालतं. पहिल्या सेमिस्टरच्या प्रत्येक मुलाला एक शिक्षक नेमून दिलेला असतो, आणि त्या शिक्षकानं दर आठवड्याला हजेरी बघून ज्यांचे सलग तास चुकले त्यांना फोन करायचा. रागवायचं नाही, विचारायचं. शंकानिरसनाचा तास वेळापत्रकातच घातला आहे, कारण ज्यांना मदत सर्वांत जास्त लागते ती मुलं मागायला येत नाहीत. पहिली छोटी चाचणी सेमिस्टर सुरू झाल्यावर लवकरच घेतो, म्हणजे कोण घसरतंय ते वेळेवर कळतं.

पहिल्या आणि दुसऱ्या सेमिस्टरच्या मधे यादीतून गायब होणारी नावं कमी झाली आहेत, ते मला दर सत्राच्या सुरुवातीला दिसतं. शेवटच्या वर्षाचं काम अजून बाकी आहे. एखाददुसरा विषय किंवा प्रकल्प राहिला आणि तेवढ्यावर पदवी अडकली, अशांची यादी मोठी आहे. त्यातल्या काहींची नोंदणीची मुदतही संपत आली आहे. सध्या त्यांना मुदत संपण्याच्या क्रमानं फोन लावते आहे.